घर एक, उत्पन्ने दोन

शैक्षणिक कर्ज मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरचे उत्पन्न दोनदा मोजले जाते. एकदा ते बँक मोजते, हप्ता फिटेल का हे पाहण्यासाठी. तिला आकडा मोठा हवा असतो. दुसऱ्यांदा सरकार मोजते, व्याजात सवलत द्यायची का हे ठरवण्यासाठी. तिथे आकडा मर्यादेच्या आत असावा लागतो. मोजणारे निराळे, कागद निराळे आणि हेतू तर अगदी उलटे. शैक्षणिक कर्जाबाबतचे बरेचसे गैरसमज या दोन मोजण्यांची गल्लत झाल्यामुळे होतात.

देशातल्या बहुतेक बँकांचे शैक्षणिक कर्ज इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये तयार केलेल्या आदर्श योजनेवर उभे आहे. त्या योजनेत वेळोवेळी बदल झाले, आणि प्रत्येक बँक आपल्यापुरते फेरफारही करते. चौकट मात्र तीच. अर्जदार भारतीय नागरिक हवा, अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला हवा आणि प्रवेश गुणवत्तेवर किंवा प्रवेश परीक्षेतून मिळालेला हवा. सीईटीच्या फेरीतून मिळालेली जागा आणि व्यवस्थापन कोट्यातली जागा यांकडे बँक एकाच नजरेने पाहत नाही. शिक्षण शुल्काबरोबर वसतिगृह, परीक्षा, प्रयोगशाळा, पुस्तके, लॅपटॉप हा खर्चही कर्जात बसतो. शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती न देता वर्षागणिक थेट महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते.

४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. त्यावरच्या कर्जात देशातल्या शिक्षणासाठी खर्चाचा ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के भार कुटुंबाने उचलायचा असतो. शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती या हिश्श्यात धरता येते, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज आधी आणि कर्जाचा नंतर, हा क्रम शहाणपणाचा. महाराष्ट्रात तो अधिकच फायद्याचा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे. ज्या शुल्काची प्रतिपूर्ती होणार आहे त्यासाठी कर्ज काढून व्याज भरत बसण्यात अर्थ नाही.

तारणाचा प्रश्न साडेसात लाखांच्या रेषेवर येतो. २०१५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कर्जांसाठी पतहमी निधी सुरू केला. त्यामुळे ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि त्रयस्थ जामीनदारही लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात ते मात्र टळत नाही, आणि ही सही साक्षीदाराची नव्हे: मुलाने हप्ता चुकवला तर सहकर्जदाराचे देणे तितकेच पक्के असते. हमी कोणाला आहे हेही नीट ध्यानात घ्यावे. कर्ज बुडाले तर निधीतून बँकेला थकबाकीच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. कर्जदाराच्या डोक्यावरचे ओझे त्याने एका रुपयानेही हलके होत नाही.

आता पहिली मोजणी, बँकेची. आदर्श योजनेचा मूळ विचार असा की कर्ज विद्यार्थ्याच्या उद्याच्या कमाईवर द्यायचे, घरच्या आजच्या मिळकतीवर नाही. शाखेत टेबलापाशी हा विचार पुष्कळदा पातळ होतो. पालक नोकरदार असेल तर फॉर्म १६, पगाराच्या पावत्या आणि आयकर विवरणपत्रे मागितली जातात, दुकानदार असेल तर विवरणपत्रांबरोबर खात्याचे उतारे. शेतकऱ्याचा प्रश्न अवघड, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि म्हणून विवरणपत्रही नाही. त्याच्याकडे असतो सात-बारा, आणि पुष्कळदा त्यावरचा पीककर्जाचा बोजा. कर्जमाफीच्या आशेने थकू दिलेले पीककर्ज सहकर्जदार वडिलांच्या सिबिल नोंदीत दिसते आणि मुलीच्या अभियांत्रिकीच्या कर्जाआड उभे राहते. अर्ज करण्याआधी पालकाचा सिबिल अहवाल काढून पाहणे म्हणूनच गरजेचे. केवळ सिबिल गुण कमी आहेत म्हणून विद्यार्थ्याचा कर्जअर्ज फेटाळू नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले होते. महाराष्ट्रातल्या शाखेवर तो निकाल थेट बंधनकारक नसला, तरी लेखी कारण मागताना त्याचा दाखला देता येतो. नकार तोंडी घेऊन घरी परतणे सर्वांत वाईट.

दुसरी मोजणी सरकारची. ती दोन रेषांवर होते. ज्या घराचे सर्व मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत आहे, त्या घरातल्या विद्यार्थ्याला केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत, देशात व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेत असेल तर, शिक्षणकाळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचे पूर्ण व्याज माफ होते. ही योजना २००९-१० पासून आहे. संस्थेला किंवा अभ्यासक्रमाला ठरावीक मूल्यांकन असावे लागते, कर्ज आदर्श योजनेखालचे असावे लागते, आणि वैद्यकीय कारण नसताना शिक्षण अर्धवट सोडले तर अनुदान जाते. दुसरी रेषा ८ लाखांची. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच मुदतीत व्याजात ३ टक्के सवलत आहे. ती वर्षाला जास्तीत जास्त एक लाख विद्यार्थ्यांना मिळते. राष्ट्रीय मानांकनात वर असलेल्या निवडक संस्थांपुरतीच ही योजना आहे. सुरुवातीला त्यांची संख्या ८६० होती. गावाजवळच्या साध्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि ही मर्यादा जाहिरातींत ठळक दिसत नाही. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय वित्त व विकास महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे. परतावा याचा अर्थ, आधी बँकेत व्याज भरायचे आणि मग ते परत मागायचे.

सरकारी मोजणीचा पुरावा म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रात अर्ज, तलाठ्याचा अहवाल आणि मग सही, अशी त्याची वाट. त्यात शेतीचे उत्पन्न धरले जाते, आई-वडील दोघांचेही धरले जाते. गोम इथेच आहे. बँकेला हप्ता झेपेल असे दाखवायला ७ लाखांचे विवरणपत्र जोडायचे आणि अनुदानासाठी सव्वा लाखाचा दाखला, असा प्रकार एकाच फायलीत दोन्ही कागद आल्यावर लपत नाही. खरा आकडा दोन्हीकडे एकच द्यावा. तो ४.५ लाखांच्या थोडा वर असेल तर पूर्ण व्याजमाफी नाही हे गृहीत धरून हिशेब मांडावा. दाखला कर्ज मंजुरीच्या वेळीच बँकेत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी; अनुदानाची मागणी शाखेमार्फत जाते, तेव्हा ती गेली का हे दरवर्षी विचारावे.

सवलत मिळणे न मिळणे याने किती फरक पडतो, ते एका हिशेबात पाहता येईल. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ६ लाख कर्ज, दरवर्षी सुरुवातीला दीड लाख, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते; ते सरळव्याजाने धरले तरी पाच वर्षांत २,१०,००० रुपये होते. हप्ते सुरू होताना मुद्दल ८,१०,००० झालेले असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो. पूर्ण अनुदान मिळालेल्या विद्यार्थ्याचा हप्ता ६ लाखांवर बसतो, सुमारे ७,९३०. पहिल्या नोकरीच्या पगारात दरमहा पावणेतीन हजारांची ही तफावत चांगलीच जाणवते. अनुदान नसेल तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहणे हा उपाय आहे. मुद्दल फुगत नाही, आणि काही बँका त्यासाठी दरात थोडी सूटही देतात.

परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवता येते. वरच्याच ८,१०,००० रुपयांचा हप्ता मग ८,७०० च्या आसपास उतरतो, पण एकूण फेड दहा वर्षांच्या मानाने २ लाख ८० हजारांहून अधिक वाढते. मुदत लांब घ्यावी आणि पगार वाढला की जादा रक्कम भरावी, हे बहुतेकांना परवडते. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. नोकरी गेली किंवा मनाजोगी मिळाली नाही तर फेडीच्या काळात दोन-तीनदा हप्ते पुढे ढकलण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. ती आपोआप लागू होत नाही. हप्ता चुकण्याआधी लेखी अर्ज करावा लागतो. थकबाकी ९० दिवसांहून जास्त झाली की खाते अनुत्पादक ठरते आणि विद्यार्थी व पालक दोघांच्याही सिबिल नोंदीत डाग राहतो.

आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०-ई खाली या कर्जाचे भरलेले व्याज उत्पन्नातून वजा होते. त्याला रकमेची मर्यादा नाही. व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षांची मुदत मात्र आहे. मुद्दलावर काही मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही वजावटच नाही.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून थकबाकी नसल्याचे पत्र घ्यायचे आणि सिबिलमध्ये खाते बंद दिसते का ते पाहायचे. तारण म्हणून घर किंवा जमिनीचे मूळ कागद दिले असतील, तर डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ते परत मिळायला हवेत. बँकेच्या दोषामुळे उशीर झाला तर तिने कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची आहे.