अकरा महिन्यांचं घर

बरेच दिवस लिहिणं झालं नाही. "कुठे असतेस हल्ली?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर देतेय, जागा शोधतेय. फ्लॅट नाही हो. चौतीस कुत्री आणि अकरा मांजरं राहतील अशी जागा.

आमचा नऊ जणांचा गट आहे. आपापल्या नोकऱ्या सांभाळून रस्त्यावर जखमी झालेली, कुणीतरी टाकून दिलेली जनावरं उचलायची, उपचार करायचे, बरी झाली की घर मिळतंय का बघायचं. ज्यांना मिळत नाही, ती आमच्याकडेच राहतात. सहा वर्षांत तीन जागा बदलल्या. आता पुण्याबाहेरच्या या तिसऱ्या जागेचे मालक म्हणाले, "ताई, प्लॉट पाडायचेत. दिवाळीपर्यंत बघा तुमचं." मला त्यांचा राग नाही आला. करार अकराच महिन्यांचा, आणि तेही कधीच उलटून गेलेले.

सगळ्यांना वाटतं, अडचण पैशाची आहे. आहेच, पण तेवढीच नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणावी लागते. १९४८ चा कूळकायदा आहे तसा. मग उरते एनए जमीन, आणि तिचा भाव बंगले बांधणाऱ्यांच्या हिशेबाने ठरलेला. राहता राहिलं भाडं. अकरा महिन्यांच्या जागेत पक्कं बांधकाम कोण करणार? पत्रे, जाळी, पाण्याची टाकी, दरवेळी नवा खर्च. कंपन्यांच्या सामाजिक निधीत प्राणिकल्याण बसतं, २०१३ च्या कंपनी कायद्यातच तशी सोय आहे. पण आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांचा पहिला प्रश्न हाच, "जागा तुमची आहे का?" जागा नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून जागा नाही!

कायमची जागा ही काही चैन नाही. पहिल्या जागेत पार्व्हो शिरला होता. हा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो. फरशी असेल तर ब्लीचच्या पाण्याने धुता येते, माती कशी धुणार? आजारी पिल्लांना वेगळं ठेवायला खोली नव्हती. आठवड्यात सात पिल्लं गेली. त्यातल्या दोघांना मीच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तेव्हापासून मी 'सोय होईल तशी' हा शब्दप्रयोग सोडून दिलाय.

आता शेजाऱ्यांबद्दल. आमच्यातल्या काहींना शेजारी म्हणजे दुष्टच वाटतात. मला नाही वाटत. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आमची मंडळी रात्री दोन वाजता सुरात सूर मिसळून तिची ऐशीतैशी करतात. दुसऱ्या जागेच्या शेजारी एक बाळंतीण होती. तिची आई हात जोडून म्हणाली, "पोरीला झोप नाही हो." काय बोलणार? भूतदया माझी आणि जागरण तिचं!

२०२५ साली सुप्रीम कोर्टातलं प्रकरण गाजलं. ११ ऑगस्टला दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा असा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला, नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र नाहीत. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. सगळे 'निवारा, निवारा' म्हणत होते. तो बांधायचा कुठे, हे विचारलं की मात्र प्रत्येकाचं उत्तर, "आमच्या इथे नको."

हा प्रश्न काही आजचा नाही. १८३२ मध्ये कुत्री मारण्यावरून मुंबईत पारशी समाजाने दंगल केली होती. पण दंगलीवर गोष्ट थांबली नाही. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभी केली. संताप दोन दिवसांत ओसरला असेल, पण पांजरपोळ राहिली, कारण तिला जागा होती.

माझं मत विचाराल तर, २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांचीच जबाबदारी आहे. मग महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने वस्तीपासून दूर, पण डॉक्टर पोचू शकेल अशी जागा निदान दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी. बदल्यात अटी घालाव्यात. जनावरांची संख्या ठरलेली, नसबंदी सक्तीची, दरवर्षी तपासणी. अट मोडली तर जागा परत. आणि आम्हीही 'आता जागा नाही' म्हणायला शिकलं पाहिजे. तीस जणांच्या जागेत साठ कोंबणं म्हणजे दया नव्हे.

आमच्या काकांकडे गावी वीस गुंठे पडीक आहे. मे महिन्यात भीत भीत विचारलं. काका म्हणाले, "अगं, विहीर सामाईक आहे. शेजाऱ्यांच्या शेळ्या आहेत. तू पुण्यात राहणार, भांडणं आम्ही निस्तरायची." काका, तुम्ही हे वाचाल म्हणून सांगते, मी रुसलेली नाही. तुमचं बरोबरच होतं. एकट्याच्या जमिनीवर आणि एकट्याच्या भिडेवर हे काम चालू नये, एवढंच तर म्हणतेय मी.

असो. रविवारपासून जाळ्या उतरवायला सुरुवात करतोय. जागा देणं सगळ्यांना शक्य नसतं, पण महिनाभर एखादं म्हातारं, शांत कुत्रं सांभाळाल का? तीन पायांचा आमचा बंड्या तर भुंकतही नाही. फक्त दारात बसून राहतो.