ॲस्बेस्टॉसचा आजार : पुरावा रुग्णानेच का द्यायचा?

"तुम्ही विडी ओढायचात ना? मग आजार कारखान्यामुळेच झाला हे सिद्ध करा." ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या कामगाराविरुद्ध हा ठरलेला युक्तिवाद असतो. तो वैद्यकीयदृष्ट्या फसवा आहे.

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग विडीने होत नाही. त्याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉस आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगात धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे विडी ओढली म्हणून धूळ निर्दोष ठरत नाही.

खरी अडचण काळाची आहे. धूळ आज छातीत जाते, आजार 20 ते 40 वर्षांनी दिसतो. मुंबईत घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोमध्ये ॲस्बेस्टॉसचे ब्रेक लायनिंग बनत. अशा कारखान्यातून निवृत्त होऊन गावी परतलेला माणूस केडगावच्या दवाखान्यात 'दम लागतो' म्हणून येतो, तेव्हा हजेरीपट कुठे आणि पगाराची पावती कुठे!

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात सांगितले की, प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची. ती त्याने ठेवली नाही, तर त्याचा फायदा त्यालाच का मिळावा? 1923 च्या भरपाई कायद्यानेही परिशिष्टातला व्यवसायजन्य आजार ठरावीक काळ काम केलेल्याला झाला, तर तो कामामुळेच झाला असे धरले. उलट सिद्ध करायचे ते मालकाने. ब्रिटनमध्येही 2002 च्या फेअरचाइल्ड खटल्यात, नेमक्या कोणत्या मालकाच्या धुळीने मेसोथेलिओमा झाला हे सांगता येत नाही म्हणून कामगाराला रिकाम्या हाताने परत पाठवता येणार नाही, असे ठरले.

दोष आम्हा डॉक्टरांच्या पेशाचाही आहे. केसपेपरवर 'वय' लिहितो, 'काय काम करत होता' हे विचारत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने असा रुग्ण दिसल्यास मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक केले. तपासणी न करताच 'दमा' किंवा 'जुना टीबी' लिहिले की रुग्णाचा दावा तिथेच संपतो.

तेव्हा तुम्ही एवढे करा : कारखान्याचे नाव, खाते, कामाची वर्षे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. जुने ओळखपत्र, ईएसआय कार्ड, पीएफची कागदपत्रे, एक्स-रे फेकू नका. धूम्रपान लपवू नका, आजच सोडा. आणि कुणी पुरावा मागितला, तर आधी कंपनीची नोंदवही मागा.