सांताच्या कानात

नाताळ आठवड्यावर येऊन ठेपला की पणजी, मडगाव, म्हापसा येथील मोठ्या दुकानांच्या दर्शनी भागात लाल अंगरख्याचा, पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ खुर्ची मांडून बसलेला दिसू लागतो. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचा पारा तिसांच्या वरच असतो आणि या गृहस्थाचा पोशाख तर बर्फाळ मुलखासाठी बेतलेला. त्यामुळे कापसाच्या दाढीखालून घामाच्या धारा वाहत असतात. तरीही त्याच्यासमोर मुलांची रांग हटत नाही. या रांगेत ख्रिस्ती घरांतील मुले असतात, तशीच हिंदू घरांतीलही असतात, आणि त्यांची बोटे धरून उभ्या असलेल्या आईबापांच्या चेहऱ्यांवर मुलांपेक्षा अधिक उत्सुकता असते. हे पाहून कोणी पाश्चात्त्यांच्या अनुकरणाची हाकाटी करतात. कोणी मुलांची घटकाभर मौज म्हणून सोडून देतात. आम्हांस या दोन्ही निकालांत घाई झालेली दिसते.

गेल्या वर्षी अशाच एका रांगेजवळ आम्ही काही वेळ उभे होतो. सहासात वर्षांच्या एका मुलाची पाळी आली. सांता झालेला तरुण पगारी होता; दिवसभरात शेकडो मुलांना त्याने तोच प्रश्न विचारला असेल. ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न त्याने या मुलालाही विचारला. मुलाने दाढी बाजूला सारून त्याच्या कानात, पण आम्हांस ऐकू येईल इतक्या मोठ्याने, सांगितले, ‘म्हज्या पप्पाक घरा हाड.’ बाप तारवटी, प्रवासी बोटीवर नोकरीला. नाताळ आणि नववर्षाचे दिवस म्हणजे त्या धंद्याची ऐन सुगी. जगाने मौज करावी म्हणून आमच्या गोव्यातील किती घरांतील नाताळ कर्त्या पुरुषावाचून पार पडतो, हे सासष्टीतील कोणत्याही वाड्यावर विचारावे. मुलाची आई ओशाळली. त्या तरुणाने मात्र ‘आणतो’ असे खोटे आश्वासन दिले नाही, की हातावर चॉकलेट ठेवून त्याला पुढे ढकलले नाही. ‘तुझो पप्पा खंय आसता?’ असे त्याने विचारले आणि मुलगा बोटीचे वर्णन करीत राहिला तोवर तो ऐकत राहिला. मागची रांग खोळंबली. छायाचित्रे काढणारा चुळबुळ करू लागला. एवढेच घडले, पण त्या दिवसापासून सांताच्या भेटीकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

गंमत अशी की, त्या मुलाने आपले गाऱ्हाणे नकळत योग्य ठिकाणीच घातले होते. सांताक्लॉजचे मूळ ज्या संत निकोलसात शोधले जाते, तो चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा या नगरीचा बिशप होता आणि ख्रिस्ती परंपरा त्याला मुलांप्रमाणेच खलाशांचाही पाठीराखा मानते. त्याच्या अस्थी 1087 साली इटलीतील बारी येथे नेल्या, त्याही दर्यावर्दींनीच. त्याच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका आपल्या वाचकांना परकी वाटू नये. एका दरिद्री बापाला तीन उपवर मुली होत्या; हुंड्यापायी त्यांची लग्ने अडलेली. निकोलसाने तीन रात्री अंधारात येऊन त्या घरात सोन्याच्या पुरचुंड्या टाकल्या आणि आपले नाव कळू दिले नाही. या हाताचे त्या हाताला कळू न देता केलेले हे गुप्तदान होते. ज्याला गरज आहे त्याला, न मागता आणि नाव न सांगता द्यावे, असे त्या कथेचे सूत्र.

या गुप्तदात्याचे पुढे जे झाले, ते इतिहासातील एक मोठे विडंबन म्हणावे लागेल. डच लोकांच्या ‘सिंटरक्लास’वरून न्यूयॉर्कात ‘सांताक्लॉज’ हे नाव रूढ झाले. 1823 साली ट्रॉय या गावच्या एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडियरांची गाडी दिली. 1863 पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला पोट, दाढी आणि केसाळ पोशाख दिला. कोकाकोलावाल्यांनी त्याला लाल रंगवले, ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट खरी नव्हे. त्या कंपनीसाठी हॅडन सुंडब्लोम यांनी 1931 पासून काढलेल्या चित्रांनी ते रूप जगभर पोहोचविले, इतकेच. आणि 1890 साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे जेम्स एडगर नावाचा दुकानदार स्वतःच सांताचा वेष घालून आपल्या दुकानात वावरू लागला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्सहून मुले आगगाडीने येऊ लागली. हा एडगर मुलांवर माया करणारा म्हणून गावात ओळखला जाई. पण दुकानात सांता बसला की गर्दी होते, हे बाकीच्या दुकानदारांनी ओळखावयास वेळ लागला नाही. रात्रीच्या अंधारात नाव लपवून देणारा साधू अशा रीतीने भर दिव्यांत, किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या मालाच्या राशींमध्ये, छायाचित्रासाठी बसता झाला.

हे परिवर्तन चर्चलाही रुचले होते असे नाही. फ्रान्समधील दिजाँ येथे 23 डिसेंबर 1951 रोजी तेथील धर्मगुरूंच्या संमतीने सांताचा पुतळा कॅथेड्रलच्या कठड्याला लटकवून मुलांच्या देखत जाळण्यात आला. येशूजन्माचा सण त्याने बळकावला, हा त्याच्यावरील आरोप. तेव्हा लाल टोपी घातल्याने मुले बाटतील या भीतीने जे आपल्याकडे दरवर्षी अस्वस्थ होतात, त्यांनी ध्यानात घ्यावे की, ज्या धर्माचा हेर म्हणून ते त्याच्याकडे बोट दाखवितात, त्या धर्माच्या धुरीणांनीही एकदा त्याला देहदंड दिलेला आहे! गोव्यातील जुन्या ख्रिस्ती घरांतही सांताला मूळचे स्थान नव्हते. त्यांचा नाताळ म्हणजे वाळल्या गवताचा गोठा, दारावरचे कागदी नक्षत्र, मध्यरात्रीची प्रार्थना आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या हिंदू घरी जाणारे नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचे ताट. चवथीला किंवा दिवाळीला आलेल्या ताटाची ती परतफेड असे. आपल्या गावातून एक म्हातारा 31 डिसेंबरला निघतो खरा, पण तो गवत भरलेला, सरत्या वर्षाचा; त्याच्या नावाने मुले रस्त्यावर वाहने अडवून पैसे मागतात आणि मध्यरात्री त्याला जाळतात. म्हणजे आठवड्याच्या अंतराने एक देणारा म्हातारा व एक मागणारा म्हातारा असे दोघे आज आपल्या मुलांना भेटतात.

परका असूनही मुलांना हा देणारा म्हातारा का हवासा वाटतो? आणि त्याहून कठीण प्रश्न, शहाण्यासुरत्या आईबापांनी त्याच्या खरेपणाची साक्ष का द्यावी? या दुसऱ्या प्रश्नाला सामोरे जाण्याचा प्रसंग आमच्याच व्यवसायातील एका गृहस्थावर आला होता. 1897 साली व्हर्जिनिया ओ’हॅनलन या आठ वर्षांच्या मुलीने न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकाला पत्र लिहून विचारले की, सांताक्लॉज खरोखर आहे काय? तिच्या मैत्रिणी नाही म्हणत होत्या आणि वडिलांनी सांगितले होते की, ‘सन’मध्ये छापून आले म्हणजे ते खरे. (असे सांगणारे वडील आज कोणत्या वृत्तपत्राच्या वाट्याला येतील, हा विचार आम्ही येथे करीत नाही.) फ्रान्सिस चर्च या संपादकीय लेखकाने 21 सप्टेंबरच्या अंकात, स्वाक्षरी न करता, सांता आहे असे उत्तर दिले. प्रेम आणि औदार्य जितके खरे तितकाच तोही खरा, असा त्याचा युक्तिवाद. लेखक कोण हे त्याच्या निधनानंतर, 1906 साली, उघड झाले. ती मुलगी पुढे शिक्षिका आणि मुख्याध्यापिका झाली. आपण फसविले गेलो असे तिने कधी मानले नाही. दिजाँच्या प्रकरणावर क्लोद लेव्ही-स्ट्राउस या मानववंशशास्त्रज्ञाने 1952 साली जो निबंध लिहिला, त्यात याच प्रश्नाचे दुसरे टोक धरले आहे. मुलांचा विश्वास आपण जपतो तो त्यांच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त. परतफेडीची अपेक्षा नसलेले दान या जगात अजून शक्य आहे, यावर निदान त्यांच्या डोळ्यांतून विश्वास ठेवता यावा म्हणून, असा त्याचा आशय.

आम्हांस खरी चिंता वाटते ती या असत्याची नव्हे. सांताचा जो पोलीस केला जातो, त्याची वाटते. आमच्या लहानपणी घरोघरी बागुलबुवा असे. जेवला नाहीस तर तो नेईल, एवढेच त्याचे काम. सांता म्हणजे उलटा बागुलबुवा. शहाण्यासारखा वागलास तर तो देईल. वरवर पाहता ही सुधारणा आहे. पण तिच्या पोटात एक क्रूर हिशेब दडलेला आहे, आणि तो एखाद्या रिक्षाचालकाच्या किंवा मासळी विकणाऱ्या बाईच्या मुलाला फार लवकर सुटतो. वर्गातील द्वाड मुलाला सांताने सायकल दिली. वर्षभर मुकाट अभ्यास केलेल्या आपल्याला रंगीत खडूंची पेटी दिली. सांता सर्व जाणतो, सांता न्यायी आहे, असे आईच सांगते. मग उणे कोठे राहिले? आपल्यातच. बापाच्या खिशातील उणीव मुलाने आपल्या स्वभावातील उणीव म्हणून वाचावी, यापरते दुःख कोणते? हुंड्यावाचून अडलेल्या मुलींच्या घरी पुरचुंडी टाकताना निकोलसाने त्यांच्या वागणुकीची चौकशी केली होती, असे कोणतीही आख्यायिका सांगत नाही. म्हणून ज्यांना आपल्या मुलांना सांताकडे न्यावयाचे आहे त्यांनी खुशाल न्यावे. मात्र महागडी वस्तू घेऊन द्यावयाची असेल तर ती बापाच्या नि आईच्या नावावर द्यावी आणि सांताच्या नावावर कोणत्याही घराला परवडेल अशी चिमुकली वस्तू ठेवावी. शाळांनीही सांताच्या हातून, आईबापांनी गुपचूप पाठविलेल्या लहानमोठ्या खोक्यांचे जाहीर वाटप करणे थांबवावे. वाटावयाचेच तर सर्वांस सारखे वाटावे.

राहिला तो कानातला शब्द. मूल परक्या म्हाताऱ्याच्या कानात जे सांगते, ते घरी सहसा सांगत नाही. घरी त्याला काय हवे हे आपण गृहीत धरलेले असते किंवा ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेले असते. वर्षातून एकदा कोणी मोठा माणूस त्याच्या उंचीला येऊन विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो. सांताच्या भेटीत मौल्यवान असे जे काही आहे ते एवढेच आणि त्याला दुकानही लागत नाही. न्यूयॉर्क राज्यातील अल्बियन येथे चार्ल्स हॉवर्ड याने 1937 साली सांता होणाऱ्यांसाठी चक्क शाळा काढली. ऐकण्याचे असे शिक्षण आईबापांनाही कोणी दिले असते तर बरे झाले असते. दुकानातून बाहेर पडताना ‘काय मागितलेस रे?’ असे विचारणारे पुष्कळ आईबाप आम्ही पाहिले. त्यांच्या प्रश्नात खरेदीच्या यादीची घाई होती आणि मुलेही यादीचेच उत्तर देत होती.

त्या तारवट्याच्या मुलाची आई मात्र जिन्याच्या पायरीवर त्याला घेऊन बसली. बोटीला किती मजले आहेत आणि पप्पा कोणत्या मजल्यावर झोपतात, हे तो तिला पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. आत छायाचित्राचे पैसे घेणारा त्यांना हाका मारीत होता. त्यांचे छायाचित्र तयार झाले होते.