सातबारा कुणाचा?

पाऊस जूनमध्ये दडी मारतो आणि काढणीला झोडपतो. म्हणून आमच्या बिडकीनच्या मुली कपाशीत तुरीच्या ओळी घालतात, उतार बघून पाणी अडवतात. पण २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात ठिबक, शेततळ्याच्या अर्जाला कागद कोणता? सातबारा! तो बापाच्या नावावर. औद्योगिक पट्ट्यात जमिनी गेल्या तेव्हाही मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला. खुरपणारीचं नाव त्यावर होतंच कुठे? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला. तरी राखी बांधून घेणारा भाऊच हक्कसोडपत्र पुढे करतो. तरुणांना प्रशिक्षण द्या म्हणतात. द्या की! पण आधी तलाठ्याकडे लेकींची वारसनोंद होऊ द्या. सही मागायला आलेल्या भावाला मी तरी चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलंय.