आपली जमीन कोणत्या कागदात आहे?



मागच्या महिन्यात लासूर स्टेशनला आपली बैठक झाली. डोंगराकडच्या वस्त्यांवरून लोक आले होते. एका म्हाताऱ्या बाबांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वनहक्काचा दावा नामंजूर. कारण एकाच ओळीत : पुरेसा पुरावा नाही. बाबा म्हणाले, "बापानं खोदलेली विहीर तिथं, आजाला पुरलं तिथं. आता कागद कुठून आणू?"

बैठकीत कोणाला काही बोलता आलं नाही. म्हणून ह्या अंकात कागदाबद्दलच बोलू. कागद कोणी केले, कशासाठी केले, आणि ते आपल्या कामाला येतात का?

आपण बसलो होतो तिथून जवळच मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जाते. 1900 च्या सुमारास ही लाईन आली तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. निजाम सरकारने 1883 साली रेल्वेसाठी लंडनच्या एका कंपनीशी करार केला होता. कंपनीचं नाव निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. गॅरंटीड म्हणजे काय? गाडी नफ्यात चालो की तोट्यात, भांडवलावरचं ठरलेलं व्याज सरकार भरणार. सरकार कुठून भरणार? रयतेच्या साऱ्यातून.

ह्या करारात निजामाचा अधिकारी अब्दुल हक, म्हणजे सरदार दिलेर जंग, पुढे होता. 1886 साली त्याच्याच मध्यस्थीने दुसरा करार झाला. वॉटसन आणि स्टुअर्ट ह्या दोन इंग्रजांना निजामाच्या राज्यातली खनिजं काढायचा हक्क मिळाला. त्यावर लंडनला हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. एक लाख शेअर, एकेक शेअर 10 पौंडाचा. त्यातले 85 हजार शेअर पूर्ण पैसे भरलेले दाखवून करारवाल्यांनी आपल्याकडेच घेतले. कोळसा धड निघायच्या आधीच लंडनच्या बाजारात शेअरचा भाव चढला. मग त्यातलेच शेअर चढ्या भावाने निजाम सरकारच्याच गळ्यात मारले. ज्याच्या घरातली वस्तू, त्यालाच परत विकली.

बोभाटा झाला. 1888 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कमिटी नेमली, साक्षी घेतल्या, अहवाल छापला. अब्दुल हकचं पद गेलं. पण त्या चौकशीचा विषय काय होता? करार कसा झाला, शेअर कोणी लाटले, निजामाचे पैसे बुडाले का. ज्या जंगलाखाली तो कोळसा होता, त्या येल्लंदू-सिंगरेणीच्या जंगलातल्या कोया आदिवासींचा हक्क काय, हा तिथं सवालच नव्हता. कंपनी मात्र राहिली. 1920 साली तिची सिंगरेणी कोलिअरीज झाली. आज ती सरकारी आहे आणि कोळसा अजून निघतोच आहे.

असं फक्त इकडेच झालं नाही. अमेरिकेत ओहायो नावाची मोठी नदी आहे. 1749 साली इंग्लंडच्या राजाने त्या नदीकडची 2 लाख एकर जमीन ओहायो कंपनीला द्यायचा हुकूम काढला. अट अशी की सात वर्षांत 100 कुटुंबं वसवायची आणि किल्ला बांधायचा. राजाने ती नदी कधी डोळ्याने पाहिली नव्हती. तिथं डेलावेअर, शॉनी असे मूळचे लोक राहत होते. कंपनीने जमीन बघायला ख्रिस्तोफर गिस्ट नावाचा माणूस पाठवला. तो रोज डायरी लिहायचा. 1752 साली डेलावेअर लोकांच्या पुढाऱ्यांनी त्याला निरोप पाठवून विचारलं की नदीच्या एका बाजूची सगळी जमीन फ्रेंच आपली म्हणतात, दुसऱ्या बाजूची सगळी इंग्रज आपली म्हणतात, मग आमची जमीन कुठं आहे? गिस्टला उत्तर सुचेना. तेही त्याने स्वतःच लिहून ठेवलं.

साथींनो, हा मुद्दा नीट धरा. तो सवाल आज आपल्याला कळतो तो कंपनीच्याच नोकराच्या डायरीतून. कंपनी पुढे संपली. राजाचा हुकूम कागदावरच राहिला. पण लोक तिथं राहत होते, आपली जमीन मागत होते, ही साक्ष कंपनीच्या दप्तरात शाबूत राहिली. जमीन घेणाऱ्याला हिशोब ठेवावाच लागतो. नकाशा काढावा लागतो, वस्ती मोजावी लागते, दंडाची पावती फाडावी लागते. त्या हिशोबात आपण सापडतो.

आता आपल्या दाव्याकडे या. वनहक्क कायदा 2006 चा आहे, नियम 2008 चे. नियम 13 मध्ये कोणकोणते पुरावे चालतात त्याची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे चालतात. जुन्या संस्थानांचा रेकॉर्ड चालतो, म्हणजे निजामाच्या राज्यातला सुद्धा. पण तेवढंच नाही. विहीर चालते. पुरण्याची जागा चालते. देवाची जागा चालते. शेताचा बांध चालतो. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. यातले एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे, असं नियमच सांगतो. 2012 च्या दुरुस्तीने तर स्पष्ट केलं की उपविभागीय किंवा जिल्हा समितीला अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. म्हणजे बाबांच्या बापाची विहीर आणि आजाची समाधी हे नुसतं रडगाणं नव्हतं. ते दोन पुरावे होते. ते लिहून घेतले गेले नाहीत, एवढंच.

कोणी म्हणेल, निजामाचा रेकॉर्ड उर्दूत, तो वाचणार कोण? 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली निजामकाळची दप्तरं उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणारे बसवले गेले, हैदराबादपर्यंत शोध झाला. त्या मागणीबद्दल इथं काही म्हणायचं नाही. सांगायचं एवढंच की सरकारने मनावर घेतलं तर दप्तर उघडतं आणि वाचलंही जातं. मग वनहक्काच्या दाव्यासाठी का नाही? आदिवासीच्याच वेळी दप्तराला वाळवी कशी लागते?

म्हणून ह्या महिन्यात प्रत्येक वस्तीने ही कामं करायची.

वनहक्क समितीने म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे. तारीख, अंगठा, साक्षीदार, सगळं. म्हातारी माणसं थांबत नाहीत, हे काम आधी करा.

विहीर, बांध, समाधी, देवाचं ठाणं यांचा नकाशा ग्रामसभेत हाताने काढायचा आणि ठरावाला जोडायचा.

तहसील आणि भूमी अभिलेखला माहिती अधिकारात अर्ज करून 1954-55 चं खासरा पत्रक, जुनी पहाणी आणि गावाचा जुना नकाशा मागायचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

जंगलखात्याने फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या लाजून लपवू नका. 13 डिसेंबर 2005 च्या आधीची पावती असली तर तुम्ही तेव्हा तिथं होता, हे खात्याच्याच सहीने दिसतं.

दावा फेटाळला असेल तर 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची. तारीख उलटू देऊ नका.

बाबांचा दावा आपण पुन्हा लिहितोय. विहिरीचं माप घेतलं आहे. शेजारच्या वस्तीवरच्या एका आजीने जबाब द्यायचं कबूल केलं आहे. आजीला लिहिता येत नाही, पण विहिरीला पाणी लागलं तो दिवस तिला आठवतो.

आमची जमीन कुठं आहे, हा सवाल आता त्यांनी आपल्याला विचारायचा नाही. आपण त्यांना दाखवायची, ग्रामसभेच्या ठरावासकट.

जिंदाबाद!