डाएटचा डेमो भारी, पण दोन वर्षांनी?

'तीन महिन्यांत बारा किलो!' सोलापुरात हे वाक्य आता लग्नाच्या पंगतीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत कुठेही ऐकू येतं. माझा प्रश्न एकच असतो : बरं, आणि दोन वर्षांनी? मग सांगणारा विषय बदलतो.

2018 च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरात दोन तट पडले होते, आठवतंय? डॉ. जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांत संपवा आणि 45 मिनिटं चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचे लोक दर दोन तासांनी थोडं थोडं खात होते. सल्ले अगदी उलटे, पण दोन्हीकडच्या भक्तांचा पुरावा एकच : आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो.

आता फोटो टाकतो कोण? ज्याचं वजन उतरलं तो. ज्याचं परत चढलं तो गुपचूप ग्रुप सोडतो. म्हणजे फेल झालेल्या टेस्ट केस डिलीट करायच्या आणि रिपोर्ट सगळा हिरवा दाखवायचा! आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला मॅनेजर फाडून खाईल. इथे मात्र टाळ्या.

स्टॅनफर्डच्या लोकांनी 2018 मध्ये 609 जणांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्यांना कमी फॅट, अर्ध्यांना कमी कार्ब. सरासरी घट 5.3 आणि 6 किलो, म्हणजे फरक नसल्यात जमा. पण दोन्ही गटांत कुणी तीसेक किलो उतरलं, तर कुणी दहा किलो चढलं. थोडक्यात, डाएटच्या नावावरून भांडणं फुकट आहेत.

आणि वजन परत का येतं? 'मनाची तयारी नाही' म्हणून? अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही शोमधल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास 2016 मध्ये आला. सरासरी 58 किलो उतरले होते, त्यातले 41 परत आले. वर त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचंही तेच. चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. शरीर गेलेलं वजन परत मागतं, त्यात चारित्र्याचा काय संबंध?

माझा खरा राग इथे आहे. वजन उतरलं की श्रेय डाएटला, परत आलं की 'तूच नीट पाळलं नाहीस'. अरे, बहुतेक युजर तेच चुकीचं बटण दाबत असतील तर स्क्रीन चुकली आहे, युजर नाही! लग्न ठरलेल्या मुलीला 'दहा किलो कमी कर' म्हणून उपाशी ठेवायचं आणि वर्षभरानं वजन आलं की तिलाच आळशी म्हणायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. तिच्या हाताला काय लागतं? नुसती लाज.

म्हणजे काहीच होत नाही, असं नाही. 2001 पासून अमेरिकेत 5,145 मधुमेहींवर एक मोठा प्रयोग झाला. आहार, व्यायाम आणि सतत समुपदेशन मिळालेल्यांचं वजन पहिल्या वर्षी 8.6 टक्के उतरलं आणि सुमारे साडेनऊ वर्षांनी 6 टक्के घट टिकून होती. 90 किलोच्या माणसाला साडेपाच किलो. जाहिरातीला हा आकडा फारच मिळमिळीत :-) पण तो खरा आहे, आणि त्यामागे वर्षानुवर्षांची सोबत आहे.

तेव्हा मंडळी, कुठलंही डाएट धरण्याआधी दोन प्रश्न विचारा. एक, सांगणाऱ्याला : सुरू किती जणांनी केलं आणि दोन वर्षांनी त्यातले किती टिकले? दोन, स्वतःला : जानेवारीत गड्ड्याची जत्रा, हुरडा पार्ट्या, रात्री अकराचा क्लायंट कॉल आणि आईच्या हातची कडक भाकरी-शेंगाचटणी, हे सगळं सांभाळून मी पाच वर्षांनीही असाच जेवत असेन का?

पहिल्याचं उत्तर मिळत नसेल तर पैसे देऊ नका. दुसऱ्याचं 'नाही' असेल तर सुरूच करू नका. आणि ज्याचं वजन परत आलंय, त्याला पंगतीत टोमणे मारू नका, एवढं तरी जमेल ना?