रस्त्यात राहिलेले धोंडे

भर रस्त्यात मालमोटार बंद पडली की पुढची कामे ठरलेली असतात. क्लीनर खाली उडी मारतो, चाकांना दगड लावतो, मग गाडीच्या मागे पाच-सात धोंडे ओळीने मांडतो आणि वर पळसाची एखादी फांदी खोचतो. लांबून येणाऱ्याने ओळखावे की पुढे गाडी उभी आहे. ही व्यवस्था बिनखर्चाची आहे, कोणालाही कळणारी आहे, आणि लाल त्रिकोण गाडीत नसेल तर तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. घोटाळा होतो तो नंतर. मिस्त्री येतो, कमानपट्टा बदलतो, हात पुसतो. चहा होतो. ड्रायव्हर सेल्फ मारतो आणि गाडी निघून जाते. फांदी वाऱ्याने उडते, धोंडे तेवढे जागेवर राहतात. रात्री घुग्घुसहून किंवा राजुऱ्याहून मोटारसायकलवर घरी परतणाऱ्या माणसाला ते अगदी चाकाजवळ आल्यावर दिसतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मालमोटारींना तोटा नाही. कोळसा आहे, गडचांदूरकडचे सिमेंट आहे, जंगलातला बांबू आणि साग आहे, आणि अलीकडच्या वर्षांत सूरजागडचे लोहखनिज आहे. माल जड आणि रस्ता अरुंद, त्यात पावसाळ्याने उखडलेला. खड्ड्यात आपटून आपटून कमानीचा एखादा पट्टा आधी तडकतो. त्याचा कुरकुर आवाज मुरलेल्या ड्रायव्हरला दोन दिवस आधीच येत असतो. पण खेप टळली की भाडे बुडते आणि भाडे बुडले की हप्ता थकतो. बँकेत असताना अशा गाड्यांची कर्जे मी पुष्कळ पाहिली. गाडी उभी राहिली की आठवड्यात मालकाचा चेहरा उतरतो. त्यामुळे पट्टा तुटेपर्यंत गाडी चालवणाऱ्याला एकदम मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जास्त माल भरण्याचा दंड २०१९पासून २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० रुपये असा झाला, तरी हिशेब करणारे अजून करतातच.

धोंड्यांचे मात्र तसे नाही. ते उचलायला पाच मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. वाहन धोकादायक रीतीने रस्त्यात सोडू नये असे १९८८चा मोटार वाहन कायदा सांगतो. पण निघून गेलेल्या गाडीच्या धोंड्यांवर कोणाचे नाव लिहिलेले असते? गाडीचे संकट गाडीबरोबर संपले, असे ड्रायव्हर आणि क्लीनर धरून चालतात.

गॅरेजसमोर हिवाळ्यात आणखी एक दृश्य असते. आपल्याकडे कुत्र्यांची बरीचशी पिल्ले थंडीच्या सुमारास जन्मतात. इंजिनाची ऊब लागते म्हणून ती उभ्या गाडीखाली, चाकाला टेकून झोपतात. शहाणा क्लीनर गाडी हलवण्याआधी वाकून खाली पाहतो. अशाच एखाद्या गाडीखालचे पिल्लू मिस्त्रीच्या किंवा ड्रायव्हरच्या मुलाच्या हाती लागते, शर्टात गुंडाळून घरी येते, शेरू नाहीतर मोती होते आणि पंधरा दिवसांत सगळ्या घराच्या चपला कुरतडून ठेवते. आजी ओरडते, आई हसते. चपलांचे काही नाही, चपला नव्या येतात.

पण पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. खेळता खेळता एक दात मुलाच्या बोटात रुततो, थेंबभर रक्त येते. पोर हात पाठीमागे लपवते, कारण सांगितले तर पिल्लू घराबाहेर जाईल हे त्याला पक्के ठाऊक असते. कळले तरी एखादी मावशी हळद दाबते, कोणी तिखट लावते, आणि वडील म्हणतात, ‘‘एवढंसं तर पिल्लू आहे, जाऊ दे ना बाप्पा.’’ पिल्लू लहान असले म्हणून त्याला रेबीज होत नाही असे नाही. त्याची स्वतःची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर टोचतात; तोवर ते उघडेच असते. आणि माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसली की वैद्यकशास्त्राच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

लक्षणांपूर्वी मात्र पुष्कळ असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुऊन पाहा, पंधरा मिनिटे किती लांब असतात ते कळेल. मग दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची ती जुनी भीती आता उरलेली नाही. भारतात तसली लस केव्हाच बंद झाली. सरकारी दवाखान्यात सहसा दंडाच्या कातडीत थोडी लस देतात, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ दिवसांनी. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे सीरमही द्यावे लागते. १८८५च्या जुलैत नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याच्या आईने आल्सासमधून पॅरिसला पाश्चरकडे नेले, तेव्हा ही लस माणसाला लागू पडेल की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, आणि तरी आपण हळद शोधतो.

अर्थात ठाऊक असणे आणि पोहोचणे यांत आमच्याकडे अंतर आहे. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो मुख्यालय जवळ यावे म्हणून. तरी भामरागडचा माणूस त्या मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून दूरच राहिला. पर्लकोटेच्या पुराने तिकडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा ठिकाणी एका इंजेक्शनासाठी एक रोजी बुडते, आणि इंजेक्शने चार.

चावल्यावर कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, ते धडधाकट राहिले तर पुढचे डॉक्टर ठरवतील, असा सल्ला देतात. सल्ला बरोबर आहे. पण जंगलाला लागून असलेल्या गावात दहा दिवसांत पिल्लाचे काय होईल ते सांगता येत नाही. कुत्रे हे बिबट्याचे सोपे भक्ष्य. अंगणातले पिल्लू एका रात्री नाहीसे होते, मूल दोन दिवस जेवत नाही, मग नवे पिल्लू येते आणि घर पुन्हा हसू लागते. बोटावरचा व्रणही बुजलेला असतो. दवाखान्याचा कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचणीने लावलेला राहतो, त्यावर तीन खुणा. चौथी तारीख ऐन धानाच्या मळणीत येते, आणि मुलाला एस.टी.त बसवून न्यायला घरात कोणी मोकळे नसते.